सुईणीची पेटी घेऊन मुंबईहून घरी

पोर बाहेर आली ती निळी होती. रडली नाही, हलली नाही, माझ्या हातांत ओल्या फडक्यासारखी लोंबत राहिली. आमची लाँच खाडीच्या मधोमध रेतीच्या दांड्यावर रुतलेली. ओहोटी अजून चालूच होती, आणि आम्हाला काठाला नेणारी एकुलती एक होडी मोकळी सुटून खाली बाणकोटच्या दिशेने वाहत चाललेली मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होती. लाँचवरची पुरुषमंडळी खाली उतरून पोटरीभर चिखलात पाठ फिरवून उभी होती. पोरीच्या आईची आत्या माझ्या कानाशी ओरडत होती, "नाळ कापू नको गो! वार पडू दे, निखाऱ्यावर धरू! वार शेकली की जीव वर चढतो!"

होडी वाहून गेली ती माझ्यामुळे. सहा महिने मुंबईत शिकून आले होते, तरी माझ्यामुळे. ते कसं झालं ते पहिल्यापासून सांगते, म्हणजे जे मुंबईला गेले नाहीत त्यांना मुंबईही थोडी कळेल.

मी पोलादपूरच्या वर डोंगरात एका वाडीत राहते. साठी जवळ आली आहे. चाळीस वर्षं आसपासच्या वाड्यांतल्या बायकांची बाळंतपणं केली. चार यत्ता शिकले, कारण माझे वडील महाडला शाळेत शिपाई होते आणि मास्तरांनी मला मागच्या भिंतीला टेकून बसू दिलं. तालुक्याचे डॉक्टर वाचता येणारी सुईण शोधत आले तेव्हा आमच्या भागात मी एकटीच निघाले. मुंबईत बायकांच्या इस्पितळात सहा महिने शिकायचं, कागद घ्यायचा आणि परत यायचं. मुलगा म्हणाला, "आई, या वयात शाळा?" सुनेला बरंच वाटलं असेल.

मी हो म्हटलं त्याला कारण होतं. माझी लेक पारू नवरा गेल्यापासून माझ्याच घरी असते. तिला मुलगा झाला होता. बाळंतपण मीच केलं. विळ्याने नाळ कापली, बेंबीला राख लावली, जशी सगळ्यांना लावत आले तशी. सातव्या दिवशी पोराचा जबडा मिटला, अंग ताठ झालं, दूध घेता येईना, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. अशी पोरं आमच्याकडे जात असतात. सटवीने नेलं म्हणतात. मीही तसंच म्हटलं. पण पारू तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

मुंबई

कार्तिकात गेले, वैशाखात परत आले. मुंबईबद्दल लोकांना ऐकायला आवडतं म्हणून सांगते. मुंबईत जिने फार. पाणी नळातून येतं आणि त्याला लोखंडाची चव असते. भात मिळतो, पण तो कुठल्या शेतातला हे वाढणाऱ्यालाही माहीत नसतं. नाचणीची भाकरी सहा महिन्यांत दोनदा मिळाली. शेजारच्या खोलीत माणूस मेलं तर दुसऱ्या दिवशी तिथे नवं बिऱ्हाड येतं आणि जुन्याचं नाव कोणी काढत नाही. आमच्याकडे वर्षभर काढतात, मेलेल्याला नको होईपर्यंत.

इस्पितळात बाईला उंच खाटेवर उताणी निजवून बाळंत करतात. आमच्याकडे बाई उकिडवी बसते आणि आढ्याला बांधलेला दोर धरते. मी सिस्टरबाईंना सांगितलं की आमची रीत बरी, पोर आपल्या वजनाने खाली येतं. सिस्टरबाई नगरकडच्या होत्या, तरुण, हाताने जलद, तोंडाने त्याहून जलद. त्या म्हणाल्या, "सोनाबाई, दोर तुमचा ठेवा. विळा मात्र इथे टाकून जा."

विळ्याचा धडा तिसऱ्या महिन्यात आला. सिस्टरबाईंनी सांगितलं की गंजलेलं पातं, शेण, राख, मळकं फडकं यांतून बेंबीवाटे धनुर्वात होतो, आठवड्याने पोराचा जबडा मिटतो आणि ते जातं. सटवी वगैरे काही नसते. आम्ही बाकावर पाचजणी होतो. बाकीच्या लिहून घेत होत्या. मी उठून नळावर गेले, हात धुतले, परत येऊन बसले. सिस्टरबाईंनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "हात धुतले. तुम्हीच धुवा म्हणता ना सारखं."

चाळीस वर्षांत अशी किती गेली ते मी मोजायला बसले नाही. मोजून ती परत येणार नव्हती.

शेवटी परीक्षा झाली. एक चामड्याची बाहुली होती, भुसा भरलेली, नाकाच्या जागी दोन भोकं. पोर श्वास घेत नसेल तर काय करायचं ते त्या बाहुलीवर करून दाखवायचं. मला लाज वाटली.

"फुंकर मारा, सोनाबाई."

"या वयात बाहुलीला फुंकर मारू?"

"बाहुलीला नीट मारलीत तर पोराला मारता येईल. गालातली फुंकर, छातीतली नाही. पोराची छाती चिमणीएवढी असते."

मी मारली. डॉक्टरबाई हसल्या, पण पास केलं. मला एक कागद आणि एक पत्र्याची पेटी मिळाली. पेटीत कात्री, दोरा, साबण, उकळून वाळवलेली फडकी आणि नखं घासायचा ब्रश. नखं घासायचा ब्रश मी आधी कधी पाहिला नव्हता. घोड्याला खरारा करतात तसा.

निघायच्या दिवशी माझ्या खोलीतली अलिबागकडची येसू गळ्यात पडून रडली. "तुला कायच वाटत नाय का गो?" म्हणाली. मी म्हटलं, "वाटतं. बोट चुकेल असं वाटतं." सिस्टरबाई फाटकापर्यंत आल्या आणि तिथूनच परत फिरल्या, आत एक बाई अडली होती. तेच मला बरं वाटलं. धक्क्यावर बोट सुटली तेव्हा लोक काठावरून हात हलवत होते, बोटीतले उलट हलवत होते, कोणी रुमाल काढले. मला हात करायला कोणी नव्हतं. मी मुंबईकडे पाठ करून पेटीवर बसले आणि पायातल्या चपला काढल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा पाय मोकळे झाले. एवढं बरं मला मुंबईत एकही दिवस वाटलं नव्हतं.

बाणकोट

आगबोट बाणकोटला धक्क्याला लागत नाही. बाहेर समुद्रात थांबते, काठावरून वल्ह्यांचा पडाव येतो, आणि माणसांनी लाटेचा अंदाज घेऊन बोटीतून पडावात उतरायचं. माझ्या पुढे एक पोटुशी पोरगी होती. तिला दोन खलाशांनी बखोटीला धरून खाली सोडली, जशी भाताची गोणी सोडतात. मागून तिची आत्या ओरडत होती, "अरे हळू, मेल्यांनो! ती काय कोळशाची पाटी हाय?"

पोरगीचं नाव चंद्रा आणि आत्याचं भागाबाय. चंद्रा दासगावच्या वरच्या एका वाडीची. तिची आई ती लहान असताना वारली, या आत्यानेच वाढवली. नवरा मुंबईत गिरणीत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आत्या तिला आणायला गेली होती. बाणकोटला धर्मशाळेच्या ओट्यावर आम्ही जवळजवळ पथारी टाकली. तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली. सुकट इतकी खारी होती की चंद्रा तीन तांबे पाणी प्यायली.

"कितवा गो?" मी विचारलं.

"नववा सरत आला," भागाबाय म्हणाली.

"आणि आता आणतेस? सातव्यात आणायची ती."

"काय करू बाय? सासू सोडील तर ना. पोराला डबा कोण करील म्हणाली. आता बोटी बंद व्हायची वेळ आली तशी सोडली."

"तो हात मोडलेला हाय का?"

"कोण?"

"हिचा दादला."

चंद्रा पदराआड हसली. पेटी बघून भागाबायने विचारलं, "यात काय हाय?" मी सांगितलं, सुईण आहे, मुंबईत शिकून आले. भागाबायने मला खालून वर पाहिलं. "सुईणपण शिकायला मुंबईला? मग पोहायला पण तिकडंच जात असतील."

खाडीत

दुसऱ्या दिवशी लाँच भरती धरून निघायला हवी होती. एका व्यापाऱ्याची पोती चढायची राहिली म्हणून ती उशिरा निघाली. आत आम्ही तीन बाया, पाच-सहा पुरुष, पोती, आणि एका दासगावकराच्या तीन कोंबड्या, पाय बांधलेल्या. लाँचमागे दोराने एक होडी बांधलेली. लाँच चालवणारा तांडेल हसनमिया बाणकोटचा, पांढऱ्या दाढीचा, आणि त्याचा आगवाला कोळशाने इतका काळा की दात तेवढे दिसत.

खाडी तशी देखणी आहे. दोन्ही अंगांना डोंगर पाण्यात पाय सोडून बसलेले, काठाला खारफुटी, तिच्यावर बगळे. वैशाखात डोंगर भाजून तांबडे झालेले असतात, पण मुंबईच्या भिंतींपेक्षा ते बरे. म्हाप्रळ मागे पडलं. मी बघत बसले होते म्हणून चंद्राकडे लक्ष नव्हतं, हे खरं सांगते. ती लाँचच्या कठड्याला धरून ओठ चावत होती. मी तिच्या कमरेला हात लावला तेव्हा कमर दगडासारखी झाली होती.

"कधीपासून?"

"पहाटेपासून."

"आणि गप्प बसलीस?"

"सगळे बाप्ये हायत ना," ती म्हणाली.

त्याच वेळी लाँच खालून खरवडली आणि थांबली. हसनमियाने मागे रेटून पाहिलं, पुढे रेटून पाहिलं. पाणी उतरत होतं. आम्ही उशिरा निघालो होतो आणि ओहोटीने दांड्यावर गाठलं होतं. आता भरती येईपर्यंत हलणं नाही. मी त्याला चंद्राचं सांगितलं.

"मग होडीत घाल तिला, बाय," तो म्हणाला. "माझा माणूस वल्हवील. धारेत अजून पाणी हाय. तासाभरात दासगाव."

तेच करायचं ठरलं. पण आधी मी ताडपत्री आडवी लावून तिला पाहिलं. पोराचं डोकं खाली आलं होतं, आणि येऊन तिथेच अडलं होतं. दोन कळा आल्या, तीन आल्या, डोकं पुढे येईना. आणि माझ्या तोंडून निघालं, "गाठी सोडा गो सगळ्या!"

आमच्याकडे बाई अडली की घरातल्या सगळ्या गाठी सोडतात. केस सोडायचे, चोळीची गाठ, गाठोड्यांच्या गाठी, दाव्याची गुरं, पेटीचं कुलूप. घरात काही बांधलेलं राहिलं तर पोरही बांधलेलं राहतं. मुंबईत सिस्टरबाईंनी हे ऐकून सांगितलं होतं की त्याचा पोराशी काही संबंध नाही, आणि मी मान डोलावली होती. पण चाळीस वर्षांची सवय सहा महिन्यांत जात नाही. हात धुवायच्या आधी मी गाठी सोडा म्हटलं.

भागाबायला एवढंच पाहिजे होतं. पहिल्यांदा तिला माझ्यावर भरवसा बसला. तिने चंद्राचे केस सोडले, स्वतःचे सोडले, माझे सोडले. गाठोडी सोडली. व्यापाऱ्याच्या पोत्यांचे तोंडबंध सोडले. तो "अगो बाय, अगो बाय" करत मागे फिरत होता. कोंबड्यांचे पाय सोडले, त्या कठड्यावरून उडून चिखलात गेल्या. मग ती लाँचच्या मागच्या टोकाला गेली.

हसनमिया ओरडला तेव्हा उशीर झाला होता. "होडी कोणी सोडली?"

"गाठ होती. सोडली," भागाबाय म्हणाली.

होडी धारेला लागली. एकाने उडी मारली, तो चिखलात मांडीपर्यंत गेला आणि त्यालाच ओढून काढावा लागला. हसनमियाने पुढच्या मागच्या भरपूर शिव्या दिल्या, आणि त्यांतल्या काही माझ्याही होत्या, कारण हुकूम माझा होता. आता काठ नाही, दासगाव नाही, दुसरी बाई नाही. जे काय करायचं ते इथेच आणि मीच.

मग मी पेटी उघडली. आगवाल्याला विचारलं, "उकळतं पाणी हाय?"

"इंजिनात दुसरं काय असतंय, आजी?"

त्याने बॉयलरच्या तोटीतून त्याच्या चहाच्या किटलीत पाणी सोडलं. कात्री आणि दोरा मी किटलीत टाकले, किटली निखाऱ्यावर ठेवली. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नखं ब्रशने घासली. भागाबाय म्हणाली, "इकडं पोर अडलंय आणि ही शृंगार करतेय." पुरुषांना मी खाली उतरवलं. दोर बांधायला आढं नव्हतं, म्हणून चंद्राला उकिडवी बसवून ताडपत्रीचा लोखंडी दांडा धरायला दिला. सिस्टरबाईंची खाट इथे नव्हतीच, तेव्हा हा वाद मिटला.

चार कळांत डोकं बाहेर आलं आणि का अडलं होतं ते कळलं. नाळेचा वेढा मानेभोवती होता, दोनदा. साऱ्या लाँचवरच्या गाठी सुटल्या होत्या, तेवढा एक राहिला होता. मी बोट घालून तो डोक्यावरून काढला, एक फेरा, मग दुसरा. पोर बाहेर आली. निळी.

सुरुवातीला सांगितलं ते इथलं. भागाबाय नाळ कापू देईना. नाळेमागून येणारी वार शेकून पोर जिवंत करायची रीत आमचीही आहे. मी स्वतः तीनदा केली आहे. तिन्ही वेळा काही झालं नाही, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी दोन जागी दोरा बांधला. तिने माझं मनगट धरलं.

"कापलीस तर पोर मेली!"

"मेलेलीच हाय. सोड."

तिने सोडलं नाही. मी तिला कोपर मारलं. ती पोत्यांवर पडली आणि मी नाळ कापली. बोटाला फडकं गुंडाळून पोरीच्या तोंडातला चिकटा काढला, उलटी धरून पाठ चोळली. काही नाही. मग तिला मांडीवर घेतली, तोंडावर फडकं ठेवलं आणि फुंकर मारली. गालातली, छातीतली नाही. छाती चिमणीएवढी. मी बाहुलीला मारली तशीच मारली, कारण दुसरी येत नव्हती. एक, दोन, तीन. थांबायचं. एक, दोन, तीन. चंद्रा विचारत होती, "काय झालं? रडत का नाय? आत्या, रडत का नाय?" आणि आत्या पहिल्यांदाच गप्प होती.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. पोरीने एक उचकी दिली. मग नाकातून मांजरीसारखा आवाज काढला. मग रडली, आणि ती रडली ते बेंबीच्या देठापासून.

"रडली रे रडली!" खाली चिखलातून एकजण ओरडला आणि मागे वळला.

"पाठ कर, मुडद्या!" भागाबाय पोत्यांवरून ओरडली. तिला बरं वाटलं हे त्यावरून कळलं.

वार आपल्या वेळेने पडली. आगवाल्याने त्या किटलीत नंतर चहा केला. मी प्यायले. किटली धुतली होती का, विचारलं नाही. दुपार कलल्यावर भरती आली, लाँच तरंगली, आणि भरतीबरोबर म्हाप्रळचे दोन कोळी आमची होडी घेऊन आले. "ही तुमची का? एकटीच फिरत होती," म्हणाले. कोंबड्या मिळाल्या नाहीत.

वाडी

दासगावला डोली करून चंद्राला वाडीवर नेली. मी त्याच दिवशी महाडला जाणार होते, पण गेले नाही. पोर रडली म्हणजे जगली असं नाही. पारूचाही मोठ्याने रडला होता. नाळ पडेपर्यंत बेंबी कोरडी आणि स्वच्छ राहायला हवी, आणि मी गेले की भागाबाय काय करणार ते मला माहीत होतं. मीही तेच केलं असतं. मी सांगितलं, मी राहते. भागाबाय म्हणाली, "राहा की. तुला नाय कोण म्हणतंय?" तोंड वाकडं करून म्हणाली, पण जेवायला वाढलं. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, वर कच्च्या कैरीची फोड. सहा महिन्यांनी पोट भरल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी पाण्यावरून आले तर भागाबाय पोरीजवळ बसलेली, हातात करवंटी, करवंटीत राख.

"ठेव ती," मी म्हटलं.

"नुसती चिमूटभर. बेंबी ओली दिसतेय. आमची सगळी राखेवरच जगली."

"आणि मेली ती?"

ती करवंटीतली राख बोटाने सारखी करत राहिली.

"माझ्या लेकीचा पोरगा आठव्या दिवशी मेला," मी म्हटलं. "राख मी लावली होती. या हातांनी. विळा पण माझाच. मुंबईत कळलं कशाने मेला ते. तुला लावायची असली तर लाव, मी हात धरणार नाय. पण मग आठव्या दिवशी माझ्यासारखी तूच बघत बस."

भागाबायने करवंटीकडे पाहिलं. मग उठून राख चुलीत ओतली आणि भांडी घासायला गेली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला ते चाललं.

पाचव्या दिवशी नाळ पडली. खाली बेंबी कोरडी होती. मी सहाव्या दिवशी निघाले. धोका बाराव्यापर्यंत असतो असं सिस्टरबाईंनी सांगितलं होतं, पण माझ्याही घरी माणसं होती. निघताना भागाबायने कैऱ्या बांधून दिल्या. "बारशाचं कळव," मी म्हटलं. "कळवायजोगं असलं तर कळवीन," ती म्हणाली.

महाड

दासगावहून महाडपर्यंत बैलगाडी मिळाली. पलीकडे सव गावाला गरम पाण्याचे झरे आहेत, त्यांत लोक सांधेदुखीला बुडून बसतात. गाडीवाला म्हणाला, "आजी, थांबवू का? गुडघे सुटतील." मी म्हटलं, "काही सुटायला नको आता. पुरे झालं."

महाडचा बाजार मुंबईनंतर लहान दिसेल असं वाटलं होतं. दिसला नाही. जेवढा होता तेवढाच होता, आणि मिरचीवाल्या बाईने मला ओळखून हाक मारली. सहा महिन्यांत मुंबईत मला वाटेत कोणी हाक मारली नव्हती. डॉक्टरांना कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, पेटी उघडून पाहिली, साबण अर्धा झालेला बघून विचारलं, "एवढ्यात वापरला?" मी लाँचचं सांगितलं. होडीचं सांगितलं नाही. आता इथे लिहिलं आहे, तर वाचतील.

पोलादपूर आणि वर

पोलादपूरपर्यंत गाडीनेच. तिथे खाडीला मिळणारी सावित्री नदी एवढीशी होते की गुडघ्याएवढ्या पाण्यातून पार जाता येतं. जिने आमची लाँच अडवली ती हीच, यावर विश्वास बसत नाही. मी ओंजळीने पाणी प्यायले. लोखंडाची चव नव्हती. मग डोक्यावर पेटी आणि चढण. मुंबईचे जिने चढून पाय तयार झाले होते, तेवढा एक उपयोग.

घरी पोचले तो पोरीचा आठवा दिवस. सुनेने पाणी दिलं, मुलाने पेटी उघडून ब्रश पाहिला आणि विचारलं हा घोड्याचा का. पारू चुलीपाशी होती. सगळे पांगल्यावर तिने विचारलं, माझ्याकडे न बघता, "माझ्या पोराला काय झालं होतं ते सांगितलं का तिकडं?"

हाच प्रश्न येणार हे मला माहीत होतं. बोटीत, लाँचमध्ये, गाडीत मी उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही दिलं नाही.

"सांगितलं. विळ्याने आणि राखेने गेला. माझ्या हाताने."

पारू बराच वेळ काटक्या मोडत राहिली. तिला माहीत होतं की काय, कोण जाणे. मग मी तिला लाँचवरच्या पोरीचं सांगितलं. तिने ऐकलं. "आज कितवा दिवस?" तिने विचारलं.

"आठवा."

"म्हणजे अजून नाय कळलं."

"नाय."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "नववा." त्याच्या दुसऱ्या दिवशी, "दहावा." बाकी काही बोलत नव्हती, पण हे रोज सकाळी बोलायची, आणि मी हो म्हणायची. बारावा गेला. तेरावा गेला. पुढे ती बोलायची थांबली आणि मीही. पोस्टमन आमच्या वाडीवर चढत नाही. पोलादपूरला कोणी गेलं तर टपाल आणतं.

पंधरा-सोळा दिवसांनी मुलगा बाजारातून आला तेव्हा पिशवीत मिठाखाली एक कार्ड होतं. दासगावच्या मास्तरांचं अक्षर, बोलणारी भागाबाय. मी ओसरीवर बसून मोठ्याने वाचलं, पारू आतून ऐकत होती. लिहिलं होतं की बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, जावयाने मुंबईहून कुंची पाठवली. वाडीत सगळे म्हणतात की मी, भागाबायने, गाठी सोडल्या म्हणून चंद्रा सुटली. कोंबडीवाला अजून भांडतो. तुझ्या साबणाचा एक तुकडा इथे राहिला आहे, तो मी वापरत नाही पण टाकलाही नाही. पोरीचं नाव काय ठेवलं ते लिहायचं ती विसरली.

"परत वाच," पारू आतून म्हणाली.

मी परत वाचलं. चंद्रा जिवंत आहे. पोर जिवंत आहे.